गाडीला ताप येतो तेव्हा

दोस्तांनो, चहा फार गरम असला की आजोबा काय करतात? कप तिरका करतात, चहा बशीत ओततात आणि भुर्रकन पिऊन टाकतात. कपात दहा मिनिटं वाफाळत बसणारा चहा बशीत मिनिटभरात पिण्याजोगा होतो. चहा तोच, आणि बशी काही बर्फाची नसते. मग जादू कसली? बशीत चहा पसरतो. त्याला हवा लागायला जागा जास्त मिळते, आणि उष्णता भराभर निघून जाते.

मोटारीच्या तोंडाशी जी जाळी दिसते ना, तिच्यामागे अशीच एक बशी बसवलेली असते. तिचं नाव रेडिएटर. इंजिनाची उष्णता घेऊन आलेलं पाणी तिच्यात पसरतं आणि निवतं.

इंजिनात एवढी उष्णता येते कुठून? सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटतं, त्या क्षणी आतलं तापमान दोन हजार अंशांच्याही वर जातं. आणि पिस्टन ज्या अॅल्युमिनियमचा असतो, ते ६६० अंशांनाच वितळतं! ढोबळ हिशेब सांगायचा तर पेट्रोलवर खर्च केलेल्या शंभर रुपयांतले पंचवीस-तीस रुपयेच चाकं फिरवतात. जवळपास तेवढेच पाण्यात जातात, आणि उरलेल्यातले बरेचसे सायलेन्सरमधून बाहेर पडतात. पाण्यात गेलेली ही उष्णता बाहेर फेकली नाही तर तेल पातळ होतं, गॅस्केट जळतं, इंजिनाचं हेड वाकडं होतं. मग गाडी मेकॅनिककडे नाही, थेट भंगारात जाते.

पहिल्या मोटारीला असा रेडिएटर नव्हता. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये पेटंट घेतलेली तीनचाकी मोटार पाणी सरळ उकळू द्यायची. वाफ हवेत जायची आणि चालवणाऱ्यानं पुन्हा पाणी ओतायचं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांची पत्नी बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेली, सुमारे १०५ किलोमीटर. मुलं तेरा आणि पंधरा वर्षांची, म्हणजे तुमच्याच वयाची. वाटेत जिथं पाणी दिसेल तिथं थांबून गाडीला पाणी पाजावं लागलं. मोटारीचा जगातला पहिला लांबचा प्रवास असा पाणी भरत भरत झाला.

पुढं विल्हेल्म मायबाख या इंजिनियरनं बशीची कल्पना टोकाला नेली. १९०१ च्या सुरुवातीला रस्त्यावर आलेल्या मर्सिडीज गाडीच्या रेडिएटरमध्ये त्यानं ८,०७० बारीक चौकोनी नळ्या एकत्र जोडल्या. प्रत्येक नळी सहा मिलीमीटर रुंद, सहा मिलीमीटर उंच. समोरून पाहिलं तर मधमाशांचं पोळंच! नळ्यांमधून वारा जायचा आणि भोवतीनं पाणी फिरायचं. थोडक्या पाण्यात काम भागू लागलं.

आता आपल्या भागात येऊ. आमच्या नांदेडच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका गुरुजींकडे १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. ही गाडी तुमच्यातल्या अनेकांनी फक्त जुन्या सिनेमात पाहिली असेल. १०८९ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. मूळची ही इटलीची फियाट ११००. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीनं ती मुंबईच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली. १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळालं आणि २००० च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती पुष्कळ वर्षं धावली. ऑक्टोबर २०२३ संपता संपता तिथूनही तिनं निरोप घेतला.

गुरुजींची लेक लातूरला असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत नातवंडांना आणायला गुरुजी पद्मिनी घेऊन निघतात. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर असा सुमारे एकशेचाळीस किलोमीटरचा रस्ता. नकाशात तो सपाट दिसतो, पण नांदेड आहे गोदावरीच्या काठी सखल भागात आणि लातूर आहे बालाघाटाच्या पठारावर. म्हणजे जाताना एकंदरीत चढच. दोन उन्हाळे असे गेले की अहमदपूरच्या आसपास काटा लाल पट्ट्यात शिरायचा आणि बॉनेटमधून वाफ यायची. गुरुजी झाडाखाली बसून वर्तमानपत्र वाचायचे. घरच्यांनी शेवटी सांगून टाकलं, नातवंडं आता या गाडीत बसणार नाहीत. भंगारवाला एकदा बघूनही गेला.

गुरुजींनी ठरवलं, मोठा रेडिएटर बसवायचा. मीही सोबत गॅरेजला गेलो, कारण सहावीच्या पोरांना उष्णतेचा धडा शिकवायला यापेक्षा चांगलं साहित्य कुठं मिळणार?

गॅरेजचे उस्ताद साठीचे. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी विचारलं, "गुरुजी, गाडी तापतीय कुठं? गावात, गर्दीत, का मोकळ्या रस्त्याला?"

हा प्रश्न साधा वाटतो, पण सगळं रोगनिदान त्यातच आहे. मोकळ्या रस्त्यावर गाडी साठच्या वेगानं धावत असते तेव्हा समोरचा वाराच रेडिएटरमधून आरपार जातो, पंख्याची फारशी गरज नसते. तिथं गाडी तापली तर हवा कमी पडत नाही, पाणी कुठंतरी अडतंय. उलट लातूरच्या गंजगोलाईत, जिथं सोळा रस्ते येऊन मिळतात, तिथल्या गर्दीत गाडी तापली तर पाणी बहुधा ठीक फिरतंय, पण हवा पुरत नाही. जुन्या गाडीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. गाडी थांबून इंजिन हळू चालू लागलं की पंखाही आळसावतो.

गुरुजींची गाडी दोन्हीकडे तापायची! रस्त्याला जास्त, गावात थोडी कमी.

उस्तादांनी रेडिएटर उतरवून शेजारच्या रेडिएटरवाल्याकडे दिला. जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा असतो. वर एक पितळी टाकी, खाली एक, आणि दोन्हींच्या मध्ये चपट्या उभ्या नळ्यांची जाळी. तिला कोअर म्हणतात. सगळे सांधे डाख देऊन जोडलेले. रेडिएटरवाल्यानं गॅसच्या ज्योतीनं डाख वितळवला आणि वरची टाकी अलगद उचलली. आत पाहिलं तर नळ्यांच्या तोंडाशी भुरकट पांढरा थर! निम्म्या नळ्यांत बारीक तारही जाईना.

हा थर तुम्ही घरी पाहिलाय. अंघोळीच्या बंबात, गिझरच्या कॉइलवर, चहाच्या पातेल्याच्या कडेला साचतो तोच. आपल्याकडचं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून झिरपत येतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापलं की त्यांतला काही भाग विरघळलेला राहत नाही, दगडासारखा भांड्याला चिकटतो. बंबात थर बसला तर लाकडं जास्त जळतात, एवढंच. पण रेडिएटरच्या नळीतली फटच मुळी दोन-एक मिलीमीटरची! तिथं थोडासा थरही पाण्याची वाट अडवतो. शिवाय तांबं जेवढी उष्णता पुढं नेतं, त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढीसुद्धा हा थर नेत नाही. म्हणजे पाणी फिरेना, आणि जे फिरतंय त्याची उष्णता बाहेर पडेना.

त्या थराचा एक तुकडा मी पुडीत बांधून वर्गात नेला. त्यावर लिंबू पिळलं. फसफस बुडबुडे आले, ते कार्बन डायऑक्साइडचे. आता समजलं ना, आई शहाबादी फरशीवर लिंबाची फोड का ठेवू देत नाही? शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड. लिंबानं त्यावर डाग पडतो तो याचमुळं. (खडूवर हा प्रयोग जमेलच असं नाही. आजकालचे खडू बहुधा जिप्समचे असतात, ते लिंबाला दाद देत नाहीत. अंड्याचं टरफल चालेल, पण धीर धरावा लागेल.)

मग आम्लानं धुऊन जुनाच रेडिएटर परत बसवायचा का? पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. पण गुरुजींच्या कोअरच्या नळ्या जागोजागी कुजल्या होत्या. थर गेला असता तर खालची भोकं उघडी पडली असती. तेव्हा नवा कोअर घ्यायचं ठरलं आणि खरी चर्चा तिथून सुरू झाली.

एक मत अॅल्युमिनियमचं होतं. नव्या गाड्यांत तेच असतं, वजनाला हलकं, नळ्या रुंद. दुसरं मत तांब्याचं. उस्ताद तांब्याच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं, तांब्याचा रेडिएटर लोह्यात गळला तर लोह्यातच डाख देऊन मिळतो, अॅल्युमिनियमला साधा डाख चालत नाही. मला त्यांचं पटलं. गुरुजींचं कारण मात्र वेगळंच होतं. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी विंटेज म्हणून नोंदणीचे नियम केले. त्यासाठी गाडी मूळ रूपात ठेवलेली असावी लागते. आपली पद्मिनी पन्नाशी ओलांडेल तेव्हा तिचं रूप तिचंच असावं, असा त्यांचा हट्ट. तेव्हा वरची-खालची पितळी टाकी जुनीच ठेवली आणि मधली जाळी तेवढी नवी बसवली. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळणारही नाही!

आधी नळ्यांच्या दोन रांगा होत्या, आता तीन केल्या. दोनाच्या तीन म्हणजे दीडपट काम, असं गणित तुम्ही लगेच केलं असेल. पण तसं होत नाही बरं का. पहिल्या रांगेतून जाताना हवा तापते. तीच तापलेली हवा दुसऱ्या रांगेला मिळते, तिसरीला त्याहून गरम. म्हणून तिसरी रांग पहिलीएवढं काम करत नाही. चौथी घातली तर जाळी इतकी दाट होते की वाराच आत शिरायला कुरकुरतो. गुरुजी चार म्हणत होते, उस्तादांनी तीनवर थांबवलं.

तिसरी रांग लागतेच का, हेही गणित करून बघू. रेडिएटरमधलं पाणी समजा ९० अंशांवर आहे. बाहेरची हवा २० अंशांची असेल तर फरक ७० अंशांचा. नांदेडच्या मे महिन्यात हवा ४३ अंशांची, म्हणजे फरक उरतो ४७. उष्णता किती वेगानं बाहेर जाणार हे साधारण या फरकावर ठरतं. तोच रेडिएटर, तेच पाणी, पण इथं तो जेमतेम दोन तृतीयांश काम करतो. तुरीनमध्ये गाडीचा आराखडा काढणाऱ्या इंजिनियरांच्या डोळ्यांपुढं अहमदपूरचा मे महिना नसणार!

नवा कोअर डाख देऊन बसला, मग रेडिएटरवाल्यानं त्याची तोंडं बंद करून आत हवा भरली आणि तो पाण्याच्या हौदात बुडवला. सायकलची ट्यूब तपासतात तसंच. दोन ठिकाणी बुडबुडे आले, तिथं पुन्हा डाख दिला.

आता पंख्याचं. घरच्या कूलरचा पंखा पाहा. त्याच्या पात्यांभोवती पत्र्याचा गोल घेर असतो. तो नसेल तर पंखा मागची गरम हवाच कडेनं फिरवून पुन्हा ओढतो आणि जाळीतून कमी हवा येते. पद्मिनीच्या पंख्याभोवती असा घेर नव्हता. उस्तादांनी कूलर बनवणाऱ्याकडूनच मापाचा घेर करून आणला, चार बोल्टवर बसणारा आणि हवा तेव्हा काढता येणारा. खर्च सगळ्यात कमी याचाच आला.

एक गोष्ट तर गाडीतून गायबच होती. थर्मोस्टॅट! ही इंजिन आणि रेडिएटरच्या मधली छोटी झडप. तिच्यात मेणाची गोळी असते. पाणी थंड असेपर्यंत झडप बंद, म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. पाणी साधारण ८० अंशांच्या पुढं गेलं की मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते. आपल्याकडे जुनी रीत अशी की गाडी तापली की आधी थर्मोस्टॅट काढून फेकायचा. अडकलेला असेल तर तेवढ्यापुरता आराम पडतोही. पण मग सकाळी इंजिन फार वेळ थंड राहतं, पेट्रोल जास्त खातं, झिजतं. काही इंजिनांत तर झडप नसली की पाणी रेडिएटर चुकवून आडवाटेनंच फिरत राहतं. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखंच आहे हे. उस्तादांनी नवा थर्मोस्टॅट आधी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दोऱ्यानं टांगला, उघडतो का ते डोळ्यांनी बघितलं, आणि मगच बसवला.

रेडिएटरची टोपी दिसायला साधी, पण नीट वाचा, कारण इथं जिवाचा प्रश्न आहे. आई कुकरमध्ये डाळ लवकर शिजवते ती कशामुळं? आत दाब वाढतो आणि पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरची स्प्रिंगची टोपी हेच करते. तिच्यामुळं पाणी शंभराच्या पुढं जाऊनही उकळत नाही. पण तापलेल्या गाडीची टोपी कुणी फिरवली तर दाब एकदम जातो आणि आतल्या पाण्याची क्षणात वाफ होऊन ते तोंडावर उसळतं. उस्तादांच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चुरगाळलेल्या कागदासारखी आहे. पंधरा वर्षांचे असताना ट्रकवर क्लीनर होते. ड्रायव्हर म्हणाला, बघ रे पाणी किती आहे, आणि यांनी टोपी फिरवली. "डोळं वाचलं, ते मान वळवली म्हणून," एवढंच ते बोलले आणि पान्याकडे वळले.

तेव्हा गाडी उकळली तर इंजिन बंद करायचं, लांब उभं राहायचं, निदान अर्धा तास थांबायचं. टोपीला हात मोठ्यांनी लावायचा, तोही गाडी निवल्यावर. आणि तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही. गरम काचेच्या ग्लासात बर्फाचं पाणी टाकल्यावर जे होतं, ते लोखंडाचंही होऊ शकतं.

शेवटी पाणी. बोअरचं पाणी परत भरलं तर दोन-चार वर्षांत तोच थर! म्हणून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं. (दुकानात 'बॅटरीचं पाणी' असं मोघम मागू नका. एखादा ॲसिडची बाटली काढून द्यायचा.) कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं. गंमत म्हणजे उष्णता वाहून नेण्यात निव्वळ पाणीच त्याच्यापेक्षा सरस. पण ग्लायकॉल मिसळलं की मिश्रण उशिरा उकळतं, आणि त्यातली औषधं गंज धरू देत नाहीत. म्हणून पाणी न घालता नुसतं कूलंट भरणारा पैसेही घालवतो आणि गाडीही तापवतो. ग्लायकॉल चवीला गोड आणि जहाल विषारी असतं. सांडलेलं कुत्र्यानं चाटलं तर ते जगणं कठीण. लहान भावंडांच्या हाती डबा लागू देऊ नका.

कूलंटचा आणखी एक फायदा लातूरकरांना वेगळा सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये त्यांच्याकडे मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आलं होतं, पहिल्या खेपेला सुमारे पाच लाख लिटर. गुरुजींच्या लेकीनं तेव्हा घागरींच्या रांगा पाहिल्यात. लातूरला पोचल्यावर बाबांनी गाडीसाठी रोज बादली मागावी, हे तिला कसं आवडेल? बंद टोपीतलं कूलंट गळती नसेल तर महिनोन् महिने तेवढंच राहतं.

मे महिन्यात गुरुजी पुन्हा निघाले. या खेपेला मी शेजारी बसलो, वहीत काटा टिपायचं काम माझ्याकडे. लोह्याच्या पुढं काटा मधोमध. अहमदपूरला भर दुपारी किंचित वर, पण लाल पट्ट्यापासून लांब. चाकूरला चहाला थांबलो तेव्हा गुरुजी बॉनेटवर हात ठेवून आले, नातवाचा ताप बघावा तसे. लातूरला मात्र गंजगोलाईत वीस मिनिटं अडकलो आणि काटा हळूहळू चढायला लागला. गर्दी सुटली तसा खाली आला.

परतल्यावर उस्तादांना वही दाखवली. ते म्हणाले, विजेवर चालणारा पंखा लावू, गाडी थांबलेली असली तरी पूर्ण वेगानं फिरेल. पण तसा पंखा बारा व्होल्टवर आठ-दहा अँपियर खातो, म्हणजे शंभर-सव्वाशे वॉट. गुरुजींच्या गाडीतला जुना डायनॅमो इंजिन हळू असताना एवढी वीज देऊ शकत नाही. म्हणजे आधी अल्टरनेटर बसवायला हवा. गुरुजी म्हणतात, डायनॅमो मूळचा आहे, हलवायचा नाही, मी गंजगोलाईत सकाळी लवकर जाईन. उस्ताद म्हणतात, मूळचं म्हणून किती दिवस जपता? दर आठवड्याला चहावर हाच वाद चालतो. नातवंडं मात्र आता गाडीत बसतात, आणि पुढच्या सीटसाठी भांडतात.